शिह-त्झू की टेरियर

कान गेल्यापासून मी एकटी राहू नये, असं माझी मुलगी मार्लीन म्हणत होती. वृद्धाश्रमात तिने माझ्यासाठी खोलीही धरून ठेवली होती. "दार वाजलेलं तुला कळत नाही, आई." मी म्हटलं, आधी कुत्रा आणू, मग बघू.

म्हणून आम्ही कुत्री पाळून विकणाऱ्या सिग्रिडच्या घरी गेलो. तिचा शिह-त्झू लोकरीच्या गुंड्यासारखा पडून होता. टेरियर मात्र घरभर उड्या मारत होता.

"शिह-त्झूच घे," मार्लीन माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. ओठांवरून मला कळतं. "तो दुसरा सारखा भुंकतो."

"भुंकू दे की. मला कुठे ऐकू येतंय?"

"तेच तर म्हणते! मग त्याचा तुला उपयोग काय?"

ती सिग्रिडकडे वळली आणि दोघी हातवारे करत वादात पार बुडून गेल्या. तेवढ्यात टेरियर मागच्या दाराकडे धावला, परत आला आणि माझ्या पँटचा काठ दातात धरून ओढू लागला. मी त्याच्यामागे गेले आणि दार उघडलं. बाहेर अंगभर बर्फ पडलेला शेजारचा म्हातारा अंडी घेऊन उभा होता.

"केव्हाचा ठोकतोय! घरात सगळे बहिरे आहेत की काय?"

"मी सोडून सगळे," मी म्हटलं.

मागे मार्लीन आ वासून उभी होती. मी टेरियरला उचलून घेतलं.

"वृद्धाश्रमाला फोन करून खोली नको म्हणून सांग. तेवढं मात्र तूच कर, बाई. मला फोनवर ऐकू येत नाही."