जवळचा तुरुंग

रविवारी दुपारी अमादोर काचेपलीकडे येऊन बसला आणि फोन उचलून म्हणाला, "आई, माझ्याकडे चाकू होता असं मी कबूल करणार आहे."

देल्फिनाने आपल्या बाजूचा फोन कानाशी घट्ट धरला. "होता का?"

"नव्हता गं. कोठडीतल्या पोराशी नुसती हाणामारी झाली. दोघांच्या जागेत चौघं झोपतो, होणारच. पण सरकारी वकील चाकू होता म्हणतोय. मी हो म्हटलं की गुन्हा मोठा होतो. मग इथे ठेवत नाहीत, राज्याच्या तुरुंगात पाठवतात."

"आणि शिक्षा?"

"तीन वर्षं वाढतील."

राज्याचे तुरुंग भरून वाहायला लागले तेव्हा कॅलिफोर्नियात नवा कायदा आला होता: छोट्या गुन्ह्यांच्या कैद्यांनी आपापल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्येच शिक्षा भोगायची. गाड्या चोरल्याबद्दल अमादोरला सात वर्षांची शिक्षा झाली. पोरगा घरापासून दहा मिनिटांवर राहणार म्हणून देल्फिनाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. पण हे जेल बांधलं होतं चार-सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी. अंगण नाही, काम नाही, उघडेल अशी खिडकी नाही. भेट काचेतूनच. त्याला आता चार वर्षं झाली होती.

"डोकं फिरलंय का तुझं?" ती म्हणाली. "दर रविवारी बघते तरी तुला. तिथे बसने नऊ तास लागतात. माझे गुडघे बघ."

"तिथे अंगण आहे, आई. आणि भेटीला टेबल असतं. मध्ये काच नाही." त्याने काचेवर बोट टेकवलं. "मारायला नाहीतर बेड्या घालायला, एवढ्यासाठीच मला कुणी हात लावलाय. चार वर्षं."



गुरुवारी ती कोर्टात मागच्या बाकावर बसली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हत्यार होतं?"

"होतं, बाई."

"कसलं?"

अमादोर क्षणभर गडबडला. "टूथब्रश. घासून टोक काढलेला."

बाईंनी लिहून घेतलं. देल्फिना खाली मान घालून बसून राहिली. ओरडून सांगावं असं तिला दोनदा वाटलं.

नोव्हेंबरात ती बसने नऊ तास प्रवास करून राज्याच्या तुरुंगात गेली. दोन्ही पाय सुजले होते. भेटीच्या हॉलमध्ये खरोखरच टेबलं होती. दारातल्या शिपायाने बजावलं, "मिठी येताना एक, जाताना एक."

अमादोर आला. उन्हाने त्याचं नाक सोललं होतं. तिने त्याला कवेत घेतलं, गाल त्याच्या छातीवर टेकवला. तो ताठ उभा होता. दोन्ही हात पाठीमागे, मनगटं एकमेकांवर ठेवलेली, बेड्या नसतानाही.

"हात सोड रे," ती हळूच म्हणाली. "मी आहे."