न हललेला फोटो

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्याच संध्याकाळी मुलीने भिंतीवर लावायला तिचा फोटो शोधला. मला रात्री फोटो काढायचा नाद. अंधारात शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ ती कधीच स्थिर राहायची नाही. प्रत्येक फोटोत ती पुसट.

"बाबा, आईचा एक फोटो धड नाही!"

महिन्याभराने मुलीला अंगणातल्या दिव्याखाली उभं केलं, कॅमेरा स्टँडवर लावला.

"हलू नकोस. आईवर जाऊ नकोस."

शटर मिटताच ती म्हणाली, "बाबा, माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला?"

मी स्क्रीन पाहिली. मुलगी हलली होती, पुसट आली होती. तिच्यामागे बायको होती, केसन् केस स्पष्ट.

मला हायसं वाटलं. भिंतीचं काम झालं.

मुलीचा फोटो तेवढा काढायचा राहिला आहे.