शिकलेला उंदीर

"लई शिकलेला दिसतोय हा उंदीर," सरूबाई तव्यावरची पोळी उलटत पुटपुटली. "कच्च्या कणकेला तोंड लावत नाय. भाजलेली, तेल लावलेली पोळी लागते त्याला. ती बी घडी घातलेली."

शेजारी उभ्या असलेल्या अंबिकाबाईंना ते ऐकू गेलं, आणि ऐकू गेलंच नाही असं त्यांनी केलं. एवढ्यात त्यांना ही सवयच लागली होती.

औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या माडीवर हा स्वयंपाकाचा वर्ग चाले. शिकायला येणाऱ्या बायका बेघरांच्या निवाऱ्यातल्या. इथं हात बसला की कुठं तरी काम, आणि कामाच्या जिवावर भाड्याची खोली. शिकवायला अंबिकाबाई. "आपल्या घरात करतोय असं समजून करा," असं त्या पहिल्याच दिवशी बोलून गेल्या होत्या. कुणी हसलं नव्हतं, हे बायकांचे उपकार.

उंदीर हा शब्दही आधी अंबिकाबाईंच्याच तोंडून आला होता. डब्यातल्या पोळ्या कमी भरल्या, बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, तेव्हा त्या घाईघाईनं म्हणाल्या, "उंदीर असेल." थोड्याच वेळापूर्वी त्यांनी वर्गातल्या दगडाबाईला पाहिलं होतं. गरम पोळीची चौघडी करून तिनं ती कनवटीला खोवली, चटका बसला तशी ओठ चावून उभी राहिली. अंबिकाबाईंनी मान खिडकीकडं वळवली. खिडकीतून समोरची भिंत दिसत होती, दुसरं काही नाही. म्हटलं तर दया, म्हटलं तर भित्रेपणा. त्यांनी दया म्हटलं.

आता उंदीर म्हटल्यावर सापळा आणणं आलं. तोही त्यांनी गुलमंडीवरून आणला. त्यात पोळीचा तुकडा अडकवायचं काम नेमकं दगडाबाईच्या वाट्याला आलं. तिनं तो नीट अडकवला.

आज द्वारकाबाई आल्या होत्या. पडेगावला त्यांची कॉलेजच्या पोरींसाठी खानावळ. गुडघे गेलेले, आणि माडी चढावी लागल्याचा राग अजून तोंडावर. खानावळीला त्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती. मागं पत्र्याची खोली, भाडं पगारातून. खोलीला वेगळं दार, दाराला आतून कडी. वर्गात दगडाबाईचा हात सगळ्यांत चांगला, म्हणून अंबिकाबाईंनीच त्यांना बोलावून घेतलं होतं.

द्वारकाबाईंनी पोळी मोडली, पदर सुटतात का पाहिलं, भाजीशिवाय नुसताच घास चावला.

"बरी हाय," त्या म्हणाल्या. म्हणजे चांगली होती.

दगडाबाई पोळपाटापाशी पाठमोरी. तिचं लाटणं चालूच होतं.

"हाताची कशी हाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"हाताला चव आहे हो तिच्या," अंबिकाबाई चटकन म्हणाल्या. "आणि उरकसुद्धा."

"चव आत्ताच खाल्ली की मी. चवीचं कोण इचारतंय?" द्वारकाबाईंनी गुडघा दाबत पाय पसरला. "माझ्याच्यानं आता कोठीत उठबस व्हत नाय. किल्ली हिच्या कमरंला ऱ्हाणार. तवा भरोसा हाय का, त्ये सांगा."

सरूबाईच्या तव्यावरची पोळी करपायला लागली. तिनं ती उलटली नाही.

अंबिकाबाईंनी 'आहे' म्हणायला तोंड उघडलं. पण ते खोटं झालं असतं. 'नाही' म्हणावं तर खोली गेली. खरं म्हणजे हे बोलणं दगडाबाईला बाजूला घेऊन कधीच करायला हवं होतं. दोघींत झालं असतं, दोघींत मिटलं असतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तसं काही नाही," त्या म्हणाल्या. "इथं जरा उंदरांचा त्रास आहे, एवढंच."

आपण काय बोलून बसलो, ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

"मी बाईचं इचारायले, तुमी उंदराचं काय सांगायल्या?"

लाटणं थांबलं.

"उंदीर-बिंदीर काय नाय इथं." दगडाबाई हाताचं पीठ झटकत वळली. "पोळी मी चोरते. रोज."

"अगं ये बाई, गप," सरूबाई म्हणाली. पण ते फार हळू होतं.

"पोटाला देत नायत व्हय इथं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"पोटभर देतात."

"मग?"

"खात नाय मी ती. उशाला ठिवते. हाय म्हनलं की डोळा लागतो. सकाळी कुत्र्याला घालते."

द्वारकाबाईंनी अंबिकाबाईंकडं पाहिलं. "तुमाला ठाव व्हतं?"

अंबिकाबाई समोरचं पीठ उगीचच हातानं सारखं करत राहिल्या.

"त्यांनी बघितलं व्हतं मला," दगडाबाईच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर अंबिकाबाईंना सोपं गेलं असतं. "बोलल्या नाईत. मायाळू हायेत."

मग ती द्वारकाबाईंच्या समोर येऊन उभी राहिली.

"तुमी तसं करू नगा. किल्ली पाहिजे तर तुमच्याच कमरंला ऱ्हाऊ द्या. पर निजताना एक पोळी मी उशाला नेणार, तुमच्या डोळ्यांदेखत नेणार. चालत असंल तर येते."