काटवण तापाचा प्रश्न

प्रश्नमंजूषेत नद्या, राग, क्रिकेट, लोणची असं सगळं येऊन गेलं, तरी चारही डॉक्टरांचे गुण सारखेच राहिले. प्रत्येकाच्या कानामागे लावलेली संगणकाची चकतीच उत्तरं पुरवते म्हटल्यावर दुसरं काय होणार? मंगळाच्या यानात मात्र एकाच डॉक्टरची जागा होती.

प्रश्न काढणाऱ्या उज्ज्वला खांबेटे यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "काटवण तापाचं पहिलं लक्षण कोणतं?"

"पापण्या सुजतात," पहिले डॉक्टर लगेच म्हणाले.

"पोटऱ्यांत गोळे येतात," दुसरे म्हणाले.

"जीभ निळी पडते," तिसऱ्यांनी ठणकावून सांगितलं.

डॉक्टर रेहाना अत्तार यांनी चकती काढून टेबलावर ठेवली. "या तापाचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. मला माहीत नाही."

सभागृहात हशा पिकला.

"यांना पाठवा," खांबेटेबाई म्हणाल्या.

"अहो, त्यांना तर उत्तरच आलं नाही!" निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"असा तापच नाही. आज सकाळी दात घासताना सुचला मला. चकतीला 'माहीत नाही' असं म्हणता येत नाही, आणि ती लावून लावून माणसंही ते विसरलीत. त्या यानातून माझी लेक चाललीय, साहेब. उद्या तिला ताप आला, तर 'थांबा, आधी तपासते' म्हणणारं कुणीतरी तिथे हवं."