खिशातला फ्यूज

मागचे आठ स्क्रू निघाले आणि ॲम्प्लिफायरमधून हळद सांडली. जुनी, गाठी झालेली. तिच्यामागून अक्षता, झेंडूची वाळकी पाकळी आणि झुरळाचा एक पाय. मृणालीने वर्तमानपत्राचं आणखी एक पान पसरलं.

ॲम्प रूममेट दीपिकाच्या कॉटवर ठेवला होता. दीपिका मार्चमध्ये लग्न होऊन गेली. तेव्हापासून पेणच्या या भाड्याच्या खोलीत मृणाली एकटीच होती. डोलवीच्या कंपनीत लॅबची शिफ्ट, मग खोली. गेल्या महिन्यात तिने कॉलेजातली इलेक्ट्रिक गिटार कपाटावरून खाली काढली. ॲम्पशिवाय त्या गिटारचा आवाज वाजवणाऱ्यापुरताच असतो.

ॲम्प तिने सकाळीच अष्टमी गावाहून आणला होता. विकणारे दाजी एकटेच राहत. एके काळी त्यांची बेंजो पार्टी होती आणि गावोगावच्या हळदींत याच ॲम्पवर त्यांनी बावीस वर्षं बेंजो वाजवला. आता हळदीला डीजे येतो. ॲम्प चालतो हे दाखवायला त्यांनी बेंजो मांडीवर घेतला आणि दाखवून झाल्यावरही ते वाजवत राहिले. मध्ये दोनदा चहा झाला.

"पोरं थांबूच द्यायची नायत," ते सांगत होते. "बोटं दुखाय लागली की मी मागं हात घालायचो, फ्यूज काढायचो नि खिशात टाकायचो. सांगायचं, मशीन बसली. बावीस वर्षांत एकाला कळलं नाय गो."

"आणि नवरामुलगा चिडला तर?"

"तो कशाला चिडतोय? हळद सुकून त्याचं अंग खाजत असायचं. सुटला म्हणायचा."

मृणालीने ब्रशने कोपरे झाडले. बटणं फिरवताना खरखरत होती. त्यांत स्प्रे मारला. पुढचं कापड साबणाच्या पाण्याने पुसलं तेव्हा पिवळे डाग लालभडक झाले. हळदीला साबण लागला की असंच होतं, हे लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवं, तरी तिचा हात क्षणभर थांबला. कापडाची चौकट तिने खिडकीत उन्हाला लावली.

चार वाजता स्क्रू परत बसवले, गिटार जोडली, बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिवासुद्धा लागला नाही.

साफ करताना आपणच एखादी तार तोडली असणार. तिने आठही स्क्रू पुन्हा काढले. सगळ्या तारा जागेवर होत्या. मग मागच्या बाजूचं फ्यूजचं गोल झाकण फिरवून पाहिलं. आत फ्यूज नव्हता.

तिला सकाळचं आठवलं. रिक्षा दारात उभी होती, दाजी ॲम्पला सुतळी बांधत होते. बांधून झाल्यावर त्यांचा हात एकदा मागच्या बाजूला गेला आणि तिथून सदऱ्याच्या खिशाकडे.

खालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तिने झाकण दाखवलं.

"हा? हा कुठंपण मिळतो, मॅडम," दुकानदार म्हणाला. "दोन घेऊन ठेवा. एक जातोच."

या वेळी दिवा लागला. लाल, बोराएवढा. ॲम्पमधून बारीक घुमणारा आवाज येऊ लागला आणि खोली भरली. मृणालीने एक तार छेडली. खिडकीची काच थरथरली. तिने दुसरी छेडली, मग थांबली. ऐकायला कुणी आहे का, हे पाहावं तशी तिची नजर दाराकडे गेली.

फोन वाजला.

"मृणाली ना गो? मी दाजी, अष्टमीचा. पोचलीस नीट?"

"हो काका. पोचले."

"मशीन लावून बघितलीस का?"

तिने उत्तर द्यायच्या आत तेच बोलले, "नाय चालणार ती. फ्यूज माझ्या खिशात राहिला. सवय मेली! आता सदरा धुवाय काढला नि हाताला लागला." ते हसले. तिकडे दुसरा कसलाच आवाज नव्हता. "तसला फ्यूज पेणात कुठं मिळायचा नाय हां. जुनी मशीन हाय ती. उगाच शोधत नको फिरूस."

कॉटवर कागदाच्या पुडीत दुसरा फ्यूज पडला होता.

"बरं," ती म्हणाली.

"पाठवला असता, पण एवढीशी काच. वाटेत फुटली म्हंजे?" दाजी थांबले. "मी घरीच असतो. तुला कधी जमलं तर बघ. नायतर राहू दे."

मृणालीने हात लांब केला आणि बटण बंद केलं. लाल दिवा विझला. घुमणारा आवाज हळूहळू खाली उतरत गेला. तो पुरता थांबेपर्यंत तिने फोनवर तळवा धरून ठेवला.

"रविवारी येते, काका," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय चालतच नाही आहे."