डबा न वाजवता

मासेमारीवरून खाडीच्या दोन काठांचं भांडण विकोपाला गेलं, तेव्हा सरकारने पाण्याच्या मधोमध एक लाल पिंप तरंगत ठेवलं आणि त्याला हद्द म्हटलं. "त्यांची एक होडी जरी आपल्या पाण्यात दिसली, तर जाळ्यासकट ओढून आणीन," असं अलीकडच्या मच्छीमारांच्या अध्यक्षांनी टेबल बडवून सांगितलं. पलीकडचे अध्यक्ष म्हणजे त्यांचे व्याहीच. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जरा मोठ्या टेबलावर. तेव्हापासून दोघे नातवालासुद्धा वेगवेगळ्या दिवशी भेटत.

धुक्यात धडक होऊ नये म्हणून प्रत्येकाने डबा वाजवत जायचं, हा दोन्ही काठांचा जुना रिवाज. पण एका दाट धुक्याच्या सकाळी अलीकडचे अध्यक्ष डबा पायाशी ठेवून, गुपचूप वल्हवत व्याह्यांच्या पाण्याकडे निघाले. दुसऱ्याच्या ताटातला घास नेहमीच मोठा दिसतो.

आता पुरेसं आत आलो, असं वाटून त्यांनी जाळं उचललं, तोच समोरून एक होडी घण्णकन येऊन आदळली. तिच्यावरही डबा वाजत नव्हता. हातभर अंतरावर व्याह्यांचं तोंड दिसलं आणि दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "चुकलो हो व्याही, धुक्यात तुमच्या हद्दीत आलो!"

हळूहळू धुकं विरलं. दोन होड्यांच्या मध्ये लाल पिंप अडकलं होतं. दोघेही अजून आपापल्याच पाण्यात होते.

दोघांनी एकदा पिंपाकडे पाहिलं, आणि लख्ख उन्हात जोरजोरात डबे बडवायला घेतले.