बिननावाची ठकी

"ये. पाळणा बांधलाय," एवढंच बोलून भावानं फोन ठेवला आणि सुलभा ताडकन उठलीच. चपला घालायचंही भान न राहता ती रिक्षात जाऊन बसली.

बारशाच्या दिवशीच दोघांचं वाजलं होतं. "आधी लस, मग नाव," म्हणून आत्याबाई अडून बसल्या. "माझ्या पोरीला कुणालाही सुई टोचू देणार नाही," भाऊ गरजला. बोलणं तुटलं. पण आत्याचा मान दुसऱ्या कुणाला द्यायला तोही तयार नव्हता. पोर रांगायला लागली, तरी सगळ्यांची आपली नुसती ठकीच!

सुलभा धापा टाकत घरात शिरली. पाळण्यात ठकीनं भोकाड पसरलं होतं. अंगात जराशी कसकस, मांडीवर इवलीशी लाल गाठ. रडणारं बाळ बघून सुलभाला एवढा आनंद कधीच झाला नव्हता.

वाकून तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. "कुर्रर्र!" करत बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले. शेवटचा तर असा बसला, की ती पाळण्यावरच कोलमडली. वळून बघते, तर भाऊ!

"पोरीला टोचायला लावलंस ना? हा तुझा पहिला डोस. दुसऱ्याला पुढच्या महिन्यात ये!"